पयली फेरी डोळ्याची

बाजारात शिरलं की सर दोन्ही हात पाठीमागं घ्यायचे. पिशवी मुठीत अशी दुमडलेली असायची की समोरून येणाऱ्याला ती दिसू नये. मग मान थोडी वर करून, तपासणीला आलेल्या साहेबासारखे, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा बाजार चालून यायचे. घ्यायचं काही नाही, भाव विचारायचा नाही, कुठं थांबायचं नाही. मीही त्यांच्यासारखाच मास्तर. मी मेथीच्या ढिगापाशी रेंगाळलो की म्हणायचे, "चला सर. पयली फेरी डोळ्याची, दुसरी पिशवीची."

डोळ्याच्या फेरीत ते बरंच काही टिपून घ्यायचे. कुणाच्या पाटीत माल जास्त उरलाय, कुणाचा कोमेजायला लागलाय, कुणाची गाडी निघायच्या बेतात आहे. एकदा मला म्हणाले, "ती कोपऱ्यातली बाई बघितली का? लेकरू लई रडतंय तिचं. तुमी मागाल त्या भावात देऊन टाकंल ती." मी तिकडं वळलो तर त्यांनी दंडाला धरून थांबवलं. "तिच्याकडं न्हाय जायचं. ते बरं न्हाय." मग दाखवलीच कशाला, असं मला वाटलं.

तुमच्या गावच्या बाजारातही असा एखादा माणूस तुम्ही पाहिला असेल. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि बाजार उठायच्या वेळेला आलेला. आपण म्हणतो, नोकरदार माणूस, कामातून आत्ता मोकळा झाला असेल. तसं आपण म्हणावं एवढ्यासाठीच तर तो शर्टाला इस्त्री करून आलेला असतो.

आमची शाळा वाशी या तालुक्याच्या गावाजवळ, एका खेड्यात. सर विज्ञान शिकवायचे, मी मराठी. शाळेला अनुदान होतं, पण आम्ही दोघं ज्या वाढीव तुकड्यांवर होतो त्यांना नव्हतं. म्हणजे एकाच स्टाफरूममध्ये दोन जातीची माणसं बसायची. एक, ज्यांना पगार होता. दुसरे आम्ही, ज्यांना तो कधीतरी होणार होता. अनुदान आलं की मागची सेवा धरली जाईल, या आशेवर सर तिथं केस पिकवत बसले होते, आणि त्यांच्याकडं बघून मीही बसलो होतो. गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं, निदान आमची तशी समजूत होती. गावाच्या लेखी सर म्हणजे सर, आणि सरांना सरकारचा पगार असतो.

ही समजूत मोडू द्यायची नाही, हा सरांच्या सगळ्या संसाराचा पाया होता. मी एकदा चिडून म्हणालो, "सांगून टाकू की सगळ्यांना. चोरी थोडीच केलीय." तर ते पीठ मळता मळता थांबले. "बिनपगारी मास्तराचं पोरं ऐकतात सर. उपाशी मास्तराचं ऐकत न्हाईत. त्यांला आपली कीव आली का शिकवणं संपलं."

सर मूळचे माकणीकडचे. घरी आई, बायको, एक मुलगा. बायको शिवणकाम करायची. घरी पैसे पाठवणं सरांना जमत नसे. उलट अडीअडचणीला बायकोच त्यांना पाठवायची. तिचा फोन आला की सर खोलीबाहेर जाऊन बोलायचे, आणि आत आले की उगाच काहीतरी मोठ्यानं म्हणायचे. "आज हवा सुटलीय बरं का." मी म्हणायचो, "व्हय सर, सुटलीय."

आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. खोली पिठाच्या गिरणीच्या मागं होती. सकाळपासून ताज्या पिठाचा ऊन ऊन वास यायचा. आमच्यासारख्यांना याहून वाईट शेजार मिळाला नसता.

स्वयंपाकाचं खातं सरांकडं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाजार, आणि बाजारातून आलं की ते भाजी खोलीभर पसरून आठवड्याची मांडणी करायचे. त्यांचा नियम साधा होता. "जी आधी मरंल ती आधी खायची." म्हणजे मेथी, शेपू, तांदुळजा पहिल्या दोन दिवसांत. मग वांगी. मग दोडका, आणि दोडक्याच्या सोललेल्या शिरांची दुसऱ्या दिवशी चटणी. कोथिंबिरीची पानं भाजीत, देठं आमटीत. गुरुवारी डाळ. आणि शुक्रवारी, जेव्हा पिशवीत फक्त कांद्याची टरफलं उरलेली असायची, तेव्हा येसर.

येसर म्हणजे भाजलेलं धान्य आणि मसाला एकत्र दळून केलेलं पीठ. पाण्यात कालवून उकळलं की आमटी होते. सरांची आई माकणीहून डबा भरून पाठवायची. महिना सरत आला की शुक्रवारचा चमचा लहान व्हायचा. आमटी वाढताना सर वाटीत डोकावून म्हणायचे, "आज तळ दिसतोय. म्हंजे स्वच्छ झालीय." मग भाकरी त्यात कुस्करायची आणि मुकाट्यानं खायची. हसू यायचं, पण हसून भूक वाढते असं सरांचं मत होतं.

शाळेतला चहा वर्गणीचा असे. सर पहिल्याच महिन्यात म्हणाले, "मला चहा चालत न्हाय, पित्त होतं." पुढं कुणी वडापाव मागवला, कुणाच्या मुलाचा वाढदिवस झाला, सहलीला जायचं ठरलं, सगळीकडं सरांचं पित्त आडवं यायचं. त्या शाळेत त्यांना जेवढं पित्त झालं तेवढं अख्ख्या तालुक्याला झालं नसेल. मला पित्ताचं सोंग जमेना. तेव्हा त्यांनी मला उपवास लावून दिले. "तुमी सोमवार, गुरुवार, शनिवार धरा. तुमच्यात चालतं."

फक्त दुपारी बारा वाजता त्यांचं पित्त बरं व्हायचं. पोरांना खिचडी वाढायच्या आधी एका शिक्षकानं ती चाखून बघायची असा नियम आहे. बाकीचे सर-मॅडम त्या कामाला कंटाळायचे. आमच्या सरांनी ते आपल्याकडं घेतलं. स्वयंपाकीण ताटलीत खिचडी घालायची, सर भिंतीकडं तोंड करून उभ्यानं खायचे, आणि ताटली स्वतः विसळून ठेवायचे. एकदा गणिताचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "काय सर, चव कळली का?" सरांच्या तोंडात घास होता. तो गिळून ते म्हणाले, "मीठ नीट कळलं न्हाय अजून." सगळे हसले. सरही हसले. मी वहीत तोंड घातलं, कारण त्यांच्यानंतर चव घ्यायला मीच जाणार होतो.

आता बाजाराचं सांगतो. गावचा बाजार जवळ होता, वाशीचाही फार लांब नव्हता. पण तिथं भाजी विकायला बसायचे ते आमच्याच पोरांचे आईबाप. त्यांच्याशी सरांनी घासाघीस करायची कशी? आणि घासाघीस न करता आठवडा काढायचा कसा? शिवाय एखादी आई ओळखून जुडीभर भाजी फुकट टाकायची, तो धाक वेगळाच. म्हणून सरांनी युक्ती काढली. रिकामा परत जाणारा दुधाचा टेम्पो पकडायचा आणि चार गावं पलीकडच्या बाजाराला जायचं. तिथं आपल्याला ओळखणारं कुणी नाही.

त्या बाजारात सर निराळेच व्हायचे. डोळ्याची फेरी झाली की बाह्या मागं सारून उकिडवे बसायचे आणि भांडायचे. "मेथी हाय का सोनं? न्हाय, म्हंजे सोनं आसंल तर वजनावर द्या!" शेजारची गिऱ्हाइकं हसायची. पालेभाजीवाली एक मावशी आमची ठरलेली होती. धुळीसाठी डोक्यावरचा पदर नाकातोंडावरून घट्ट बांधलेला, दिसायचे ते फक्त डोळे. ती फार बोलत नसे. सर भाव पाडून मागायचे, ती जरा वेळ मान हलवायची, आणि मग पाटीच्या तळातून एक जुडी काढून द्यायची. तळातली असूनही ती ताजी असायची. सर वाटेत म्हणायचे, "बघा, तळातलं मागायचं आसतं. लोकांला ठाऊक न्हाय."

असे कितीतरी शनिवार गेले. एका शनिवारी बाजार उठत आला होता. मावशीनं चहा प्यायला तोंडावरचा पदर खाली घेतला होता. सर नेहमीसारखे उकिडवे बसून शेपूवरून हुज्जत घालत होते. ती कप बाजूला ठेवून जुडी पुढं करत म्हणाली, "घ्या सर."

सरांचा हात मधेच थांबला. आम्ही दोघांनी वर पाहिलं. गेल्याच महिन्यात पालकसभेला ती पहिल्या रांगेत बसलेली होती. आमच्याच गावच्या वस्तीवरची. तिची मुलगी कोमल सरांच्या आठवीच्या वर्गात. मावशीनं घाईघाईनं पदर वर ओढला, जणू चूक तिची होती. म्हणाली, "हितं सर म्हनायचं न्हाय ठरवलं हुतं म्या. तोंडातून निसटलं बघा."

तिनं सांगितला तोच भाव धरून सरांनी नोट दिली. उरलेले परत घ्यायचे विसरले. ती मागून हाका मारत राहिली, "ओ, सुट्टे! सुट्टे ऱ्हायले!" आणि आम्ही चोरी पकडल्यासारखे चालत सुटलो.

टेम्पोत दुधाच्या रिकाम्या कॅनच्या मधे बसून आम्ही परत निघालो.  मग सर म्हणाले, "भाजीवाली बाई हप्त्याचे सगळे बाजार फिरती. आज हितं, उद्या तिथं. साधी गोष्ट. आपल्याला सुचली न्हाय." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "मास्तरं हाओत आपण." मला वाटलं आता हसतील. ते हसले नाहीत. पुढच्या शनिवारी म्हणाले, "सर, तुमी एकलेच जाऊन या. मला जरा पित्त झालंय."

त्यानंतर थोड्या दिवसांनी गणिताच्या सरांची वाशीत वास्तुशांत झाली. आम्ही दोघं गेलो. पंगतीत भरपूर जेवलो, ते रीतसरच होतं. निघताना गणिताच्या सरांच्या सौ. दारात आल्या. हातात मोठा डबा. "भात आणि बुंदी उरलीय. तुम्ही दोघं एकटेच राहता, न्या संध्याकाळला." बाई मनानं खरोखर चांगल्या होत्या. माझा हात पुढं गेला होता. सर म्हणाले, "नको वहिनी. वाईट मानू नका. पण नको." त्यांनी पित्ताचं नावसुद्धा काढलं नाही.

परतताना मी फुगलो होतो. दोन दिवसांचं जेवण गेलं होतं. चालता चालता सरांनीच विषय काढला. त्यांचा आजा गावचा येसकर, वेशीचा राखणदार होता. दिवसभर गावाची कामं करायची, आणि संध्याकाळी झोळी घेऊन घराघरापुढं उभं राहायचं. जो तो भाकरी टाकायचा. तीच मजुरी. आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी घरी येऊन झोळी चुलीत घातली. दुसऱ्या दिवसापासून घरात खायला काही नव्हतं. आजीनं रानातला पाला शिजवून लेकरं जगवली, पण झोळी पुन्हा शिवली नाही.

"आजी सांगायची," सर म्हणाले, "झोळीतली भाकरी वळखू येती. एक जाड, एक पातळ, कुणाची बाजरीची, कुणाची शिळी. एका चुलीवरची न्हाईत हे बघितल्या बघितल्या कळतं. म्या झोळी बघितली न्हाय सर. पण उरलेलं आन्न कुणी हातात दिलं का मला ती दिसती." मग त्यांनी मला विचारलं, "तुमाला घ्यायचा हुता का डबा?" मी नाही म्हणालो. ते खोटं होतं आणि त्यांना ते कळलं.

मार्गशीर्ष अवसेला आमच्याकडं येळवस असते. वेळ अमावस्या. त्या दिवशी गावात माणूस शोधून सापडत नाही, सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करतात, पूजा होते, आणि मग भज्जी म्हणजे डाळीच्या पिठातली मिसळभाजी, बाजरीचे उकडलेले उंडे, तिळाच्या भाकरी, मडक्यातली गार आंबील. ज्याला रान नाही त्याला दुसऱ्यानं आपल्या रानात न्यायचं, ही रीत. सर वर्षभरात एवढ्या एका दिवशी निर्धास्त जेवायचे. "मी पूजेला न्हाय, भज्जीला येतो," असं आधीच सांगून टाकायचे. मला म्हणायचे, "आज पाव्हणं जायला लाज न्हाय सर. आज समदं गावच कुणाचं ना कुणाचं पाव्हणं हाय."

त्या वर्षी आम्हाला आमंत्रण आलं ते कोमलच्या आईचं. तिनं दुसऱ्याचं थोडं रान बटईनं केलं होतं. सर आधी जायला तयार नव्हते. कोमल दारातून हलेना, तेव्हा निघाले. कोपेपाशी मावशी पदर खोचून वाढत होती. सरांना बघून म्हणाली, "बसा सर. आज भाव करायचा न्हाय, आधीच सांगते." सर क्षणभर गोंधळले आणि मग एकदम मोठ्यानं हसले. त्या शनिवारनंतर मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग ते जेवले. भज्जी दोनदा मागून घेतली. आंबील पिताना मिशीला लागलेली त्यांनी पुसलीही नाही.

ऊन कललं तशी आम्ही निघायची तयारी केली. तेवढ्यात बांधावरून वर्गातली पोरं पळत आली. पुढं कोमल. तिच्या हातात पांढऱ्या धुतलेल्या फडक्याचं गाठोडं होतं. धापा टाकत ती म्हणाली, "सर, आमी समद्यांच्या रानात फिरलो! सगळ्यांनी दिल्या. तुमाला हप्ताभर पुरत्याल." आणि तिनं मोठ्या कौतुकानं गाठ सोडून दाखवली.

भाकरी होत्या. एक जाड, एक पातळ. ज्वारीची पांढरी, बाजरीची काळसर, एक तीळ लावलेली, एक कडेला करपलेली, एक कुणा लहान मुलीनं थापली असावी तशी वेडीवाकडी. वर चार उंडे. पोरांच्या पायाला माती, अंगाला घाम, आणि सगळ्यांची तोंडं सरांकडं.

मी सरांकडं बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि गाठोडं घेतलं. वर्गात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "शाबास. लई चांगलं काम केलं." पोरं नाचत परत गेली. मावशी लांब उभी होती. पोरांना तिनंच पाठवलं होतं की त्यांचं त्यांना सुचलं, हे मी कधी विचारलं नाही.

वाटेनं सरांना ते गाठोडं कसं धरावं हे कळेना. सवयीनं खांद्यावर टाकलं आणि लगेच खाली घेतलं. मग हातात लोंबतं धरलं. मग काखेत. शेवटी लहान मूल घ्यावं तसं छातीशी धरून चालायला लागले. मी म्हणालो, "द्या सर, मी घेतो." म्हणाले, "नको."

खोलीत आल्यावर ते गाठोड्यासमोर बसून राहिले. मी समजूत काढायला गेलो. "सर, आपल्याला रान नाही म्हणून दिल्या त्यांनी. येळवसची रीत आहे. पगाराचा काय संबंध?"

"व्हय?"

"व्हय तर. आमच्या बापाला मेंढरांमागं फिरताना रोज कुणाच्या ना कुणाच्या रानातून भाकरी यायची. आम्ही त्याच भाकरीवर वाढलो. त्यात काय लाजायचं?"

सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या बापानं त्या रानात मेंढरं बसवली हुती. लोक म्हनायचे, खत दिलं, भाकरी घेतली. आमच्या आज्यानं जल्मभर गावाचं काम केलं. त्येला मात्र लोक म्हनायचे, मागून खातो."  

मग त्यांनी भाकरी घेतली. म्हणाले, "टाकून देता येत न्हाय. पोरांनी आणल्यात." भिंतीकडं तोंड करून बसले आणि कोरडीच खाल्ली. संपल्यावर हात न धुता तसेच बसले. म्हणाले, "आज्यानं सोडलं ते म्या खाल्लं, सर."

मीही खाल्ली. दुपारी पोटभर जेवलो होतो, तरी खाल्ली. तिळाची होती, फार सुरेख झाली होती. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण ती चव अजून जिभेवर आहे.

त्या हप्त्यात सरांनी मांडणी केली नाही. बाजारातून आणलेली मेथी पिशवीतच पिवळी पडली. भाकरी मी उन्हात वाळवल्या आणि कुस्करून खात राहिलो. ते दुपारी चव घ्यायलाही जाईनात. पण माझं ते एक वाक्य त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. मधेच विचारायचे, "रान न्हाय म्हणूनच दिल्या ना?" मी म्हणायचो, "रान नाही म्हणूनच." मग त्यांना जरा बरं वाटायचं. वर्गात मात्र ते पूर्वीसारखेच शिकवत होते, किंबहुना जास्तच जोरात.

उन्हाळा लागायच्या सुमाराला त्यांनी आठवीचा शेवटचा धडा संपवला आणि राजीनामा दिला. पुण्याकडं एका गोदामात त्यांच्या मेव्हण्यानं काम बघितलं होतं. खोकी उतरवायची, चढवायची. हे त्यांनी फक्त मला सांगितलं. पोरांना सांगितलं, मोठ्या शाळेत लागलो. मला बजावलं, "तुमीबी हेच सांगायचं. इतकी वर्सं झाकलं, आता जाता जाता उघडं पडाया नको." दोन वर्षांनी आमच्या तुकड्यांना थोडं अनुदान आलं. सरांच्या जागी तेव्हा दुसरंच कुणी होतं. ती बातमी मी त्यांना फोनवर सांगितली. ते म्हणाले, "लई चांगलं झालं सर," आणि खरोखर आनंदानं म्हणाले. म्हणूनच मला फोन ठेवेपर्यंत अवघड झालं.

पण तो जाण्याचा दिवस तुम्हाला सांगायचा राहिला.

फाट्यावर एसटी धरायची होती. सगळा वर्ग पोचवायला आला. सरांनी पेढ्यांचा पुडा आणला होता. प्रत्येकाच्या हातावर स्वतः पेढा ठेवला, कुणाला चुकवलं नाही. आपण देतोय आणि पोरं घेताहेत, हे त्यांना किती बरं वाटत होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. पोरं पेढा चाटून चाटून पुरवत होती. एसटी आली. सर पायरीवर चढले, एक हात दांडीला, दुसऱ्या हातात बॅग. एवढ्यात कोमल गर्दीतून पुढं आली आणि वर बघून म्हणाली, "सर, त्या शाळंत पगार हाय का?"

पोरांचं पेढा चाटणं थांबलं. ती सगळीच या उत्तरासाठी थांबलेली होती. एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. मला तेव्हा कळलं, आणि सरांनाही त्याच क्षणी कळलं असणार.

"हाय," सर म्हणाले.

"पुरा?"

"पुरा हाय."

कोमल मागं वळली आणि ओरडली, "सरांला पुरा पगार हाय रे!"

आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. पेढ्याच्या चिकट हातांनी, उड्या मारत, खरोखरच्या आनंदानं. सर पायरीवर उभे होते. त्यांनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं, हात जोडायला गेले, पण हातात बॅग होती. कंडक्टरनं बेल दिली. ते आत गेले आणि आमच्या बाजूच्या खिडकीला आले नाहीत, पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. एसटी हलली. दोघंतिघं पोरं टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडं बघायला लागली, हे सर गप्प का उभे म्हणून.

मग मीही टाळ्या वाजवल्या.